हाताला बुद्धीची जोड : गरजेच्या, स्वस्त आणि निसर्गाला न दुखावणाऱ्या वस्तू विद्यार्थ्यांनी कशा घडवाव्यात



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या अभ्यासिकेतील मुलामुलींना रविवारी एकत्र बसवून काही वस्तू तयार करून घ्याव्यात, असा विचार मी मांडला. जुन्या टोपल्या, गोणपाट, चिंध्या, पत्रा, तार असे साहित्य जमवायचे आणि घरात उपयोगी पडेल असे काही करायचे, एवढीच कल्पना होती. तेव्हा अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने मला सरळ विचारले, "काका, आमच्या आजोबांनी गावात जन्मभर हाताचीच कामे केली. त्यातून सुटण्यासाठी वडिलांनी आम्हाला शिकवले. आता तुम्ही पुन्हा आमच्या हातात विळा-कोयता का देता?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत लिपिक. हाताला मळ न लागणारी खुर्ची मिळाली याचा मलाही अभिमान होताच. घरातली ट्यूबलाईट बिघडली तर चार दिवस वायरमनची वाट पाहणारा मी! त्या मुलीचा प्रश्न मात्र मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, पाहिले आणि बँकेच्या नोकरीत अनुभवले, ते या लेखात आपल्यासमोर ठेवीत आहे.

१. प्रश्नाचे मूळ

हाताचे काम हलके आणि लेखणीचे काम श्रेष्ठ ही समजूत आपल्या समाजरचनेतून आलेली आहे. जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते आणि त्यांना वरखाली बसवते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात दाखवून दिले. जो राबतो त्याला विद्या नाही आणि ज्याच्याकडे विद्या आहे तो हात लावत नाही, अशी ही विभागणी होती. तिचे नुकसान दोन्ही बाजूंनी झाले. राबणाऱ्याची अवजारे शतकानुशतके तशीच राहिली आणि शिकणाऱ्याची विद्या पुस्तकातच राहिली.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी प्राथमिक शाळेत लेखन, वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही असावेत, अशी मागणी केली होती. खेड्यातील शाळेचे विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगी असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे हात आणि बुद्धी यांची सांधेजोड हा विचार आपल्याला परका नाही.

२. पाबळचा प्रयोग

या विचाराचे एक चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या अगदी शेजारी आहे. पारनेर-श्रीगोंद्याला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. पर्जन्यछायेतला हा भाग आपल्या पारनेरसारखाच कोरडा. येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली होती आणि मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केले होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर एका दुष्काळी खेड्यात येऊन राहिला. शाळा सुटलेली किंवा परीक्षेत नापास झालेली मुले त्याने जवळ केली. त्यांचे २००३ साली निधन झाले.

कलबाग यांचे म्हणणे साधे होते. मूल प्रत्यक्ष काम करताना जे शिकते ते पक्के शिकते. त्यामुळे आश्रमात मुलांना सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य अशा निरनिराळ्या कामांतून विज्ञान शिकवले गेले. एकाच धंद्याचा कारागीर तयार करणे हा हेतू नव्हता. पुढे 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने हाच अभ्यासक्रम महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवला जाऊ लागला. आठवड्यातून एक दिवस मुलांनी कामातून शिकायचे, आणि ते काम शक्यतो गावाच्या गरजेचे असायचे, ही त्याची पद्धत.

पाबळच्या विद्यार्थ्यांच्या हातून काय काय झाले ते पाहा. जीपचे जुने भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार झाला. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा विद्युत्-रोध मोजायचा आणि त्यावरून पाणी कोठे असण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधायचा, हे काम मुलांनी शेतकऱ्यांसाठी केले. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा देऊन घुमटाकार घरे उभारली. त्रिकोणच का? चार काठ्यांचा चौकोन करून एक कोपरा दाबा, तो तिरका होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. भूमितीच्या पुस्तकातील हा गुणधर्म घराच्या छताला आधार देतो आणि साहित्यही कमी लागते.

२००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या जगप्रसिद्ध संस्थेच्या 'फॅब लॅब' या कल्पनेनुसार संस्थेच्या बाहेरची पहिली प्रयोगशाळा कोठे सुरू झाली? याच पाबळमध्ये. संगणकाच्या साह्याने वस्तू कापणे, घडवणे, विजेची छोटी उपकरणे बनवणे हे खेड्यातील मुले तेथे करू लागली. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाचा बिघाड ओळखणे असे प्रश्न त्यांनी हाती घेतले, कारण ते त्यांच्या गावातलेच प्रश्न होते.

३. आपल्या जिल्ह्यातील धडा : जामखेडचे पाय

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे ज्ञान देऊन त्यांनी ग्राम आरोग्य सेविका घडवल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रकल्पाच्या कार्यशाळेत 'जयपूर फूट' म्हणजे कृत्रिम पाय तयार केले जातात आणि ते करणारे लोक स्थानिकच.

जयपूर फूटची जन्मकथा विद्यार्थ्यांनी जरूर समजून घ्यावी. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनवलेले होते. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. त्या पायांना हे काहीच जमत नव्हते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर वापरून सर्व बाजूंना वळणारा आणि पाण्यात न खराब होणारा पाय तयार केला. शर्मा यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे, तर सेठी हे शल्यचिकित्सक. एकाचा हात आणि दुसऱ्याचे शास्त्र एकत्र आले तेव्हाच वस्तू जन्माला आली. माणूस कसा बसतो-उठतो हे आधी पाहणे, हा यातला पहिला धडा.

४. न विचारता दिलेली वस्तू

दुसरा धडा मला नोकरीत मिळाला. पूर्वी एका शाखेत असताना गोबरगॅस संयंत्रांसाठी दिलेली काही कर्जे थकली होती. २०१२-१३ च्या दुष्काळात साहेबांबरोबर मी वसुलीला गेलो. एका घरामागे टाकी कोरडी पडलेली, तिच्यावर सरपण रचलेले. घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, गुरं छावणीला नेली, दोन विकली. शेण आणू कुठून? आणि प्यायला पाणी नाही, ते टाकीत कसं ओतू?"

आम्ही कागद तपासून परत आलो. पण नंतर मी हिशेब मांडून पाहिला. एक घनमीटर गॅससाठी साधारण २५ किलो शेण लागते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि जवळजवळ तितकेच पाणी. म्हणजे चार-पाच मोठी जनावरे बारमाही दावणीला हवीत. संयंत्र वाईट नव्हते. ज्या घरी भरपूर गुरे आणि पाणी आहे तेथे ते उत्तम चालते. पण दुष्काळी गावातल्या दोन जनावरांच्या घराला ते देताना कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. कर्जाचा अर्ज भरून घेणाऱ्यांत आमच्यासारखे कारकूनही होते, हे मला कबूल केले पाहिजे.

याच गॅसचा दुसरा विचार पुण्यातील 'आरती' (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने केला. शेणाऐवजी खरकटे, खराब धान्य, पिठाळ टाकाऊ पदार्थ घातले तर थोड्या मालावर आणि लहान टाकीत गॅस मिळतो, हे त्यांनी दाखवले. या लहान संयंत्रासाठी त्यांना २००६ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्याआधी २००२ साली उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याच्या पद्धतीलाही हाच पुरस्कार मिळाला होता. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हापासून उसाचे क्षेत्र वाढत गेले आणि तोडणीनंतर शेतात पाचट पेटवण्याची सवयही वाढली. जे जाळून धूर करायचा, त्याचेच इंधन करता येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. (कोळसा कोणताही असो, बंद खोलीत पेटवू नये. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.)

५. एक वस्तू करून पाहू : ऊब टिकवणारी पेटी

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. माझी आई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसे. डोळे लाल, पदराने नाक पुसत ती भाकरी थापी आणि खोकत राही. आज बहुतेक घरांत गॅस आला, तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. म्हणून इंधन वाचवणारी वस्तू निवडली.

भात शिजायला काय लागते? जाळ लागतो असे आपण म्हणतो. खरे तर उष्णता टिकून राहावी लागते. पाणी उकळल्यावर ते साधारण १०० अंशांच्या पुढे जात नाही. त्यानंतर आपण जाळतो ते इंधन मुख्यतः भांड्यातून बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यात खर्च होते. ती उष्णता बाहेर जाऊच दिली नाही तर? उकळी आलेले भांडे आगीवरून काढूनही अन्न शिजत राहील.

साहित्य : एक मोठी बांबूची टोपली किंवा लाकडी खोके, वाळलेले गवत किंवा चिपाडाचा भुसा, जुनी गोधडी, सुतळी आणि घट्ट झाकणाचे पातेले. थर्माकोल वापरू नये. तो स्वस्त वाटतो, पण फुटल्यावर नाल्यात आणि जनावरांच्या पोटात जातो.

कृती : टोपलीच्या तळाशी चार बोटे गवत दाबून भरावे. मध्ये पातेले ठेवून सर्व बाजूंनी तितकाच थर द्यावा. पातेल्याच्या मापाची खळगी राहील असे आतून कापड शिवावे. वर झाकायला गवत भरलेली जाड उशी करावी. तांदूळ-पाण्याला चार-पाच मिनिटे चांगली उकळी द्यावी, झाकण न उघडता पातेले खळगीत ठेवावे आणि उशीने झाकावे. साधारण ४० मिनिटांत भात होतो. डाळ आधी भिजवावी, दहा मिनिटे उकळावी आणि दीड-दोन तास ठेवावी. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी थोडे कमी लागते.

काळजी : पातेले किमान दोन-तृतीयांश भरलेले असावे. थोडे अन्न लवकर निवते. राजम्याला किमान दहा मिनिटे खळखळून उकळी दिलीच पाहिजे, एरवी तो बाधतो. शिजलेले अन्न पेटीत रात्रभर ठेवू नये. कोमट अन्नात जंतू वाढतात. वाढण्यापूर्वी निवले असेल तर पुन्हा उकळावे.

६. मोजल्याशिवाय बोलू नये

"खूप गॅस वाचतो" असे म्हणून भागत नाही. किती वाचतो? एकाच शेगडीवर, त्याच आचेवर, त्याच पातेल्यात, तितकेच तांदूळ आणि पाणी घेऊन तीन दिवस नेहमीच्या पद्धतीने भात करा. शेगडी किती मिनिटे चालली ते लिहा. पुढचे तीन दिवस पेटी वापरा आणि मिनिटे लिहा. दोन्हींची सरासरी काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, हा विज्ञानाचा नियम येथे कळतो. घरात प्रेशर कुकर असेल तर त्याच्याशीही तुलना करा. कुकर जिंकला तर तसेच प्रामाणिकपणे लिहा.

मग पैशाचा हिशेब. समजा ९०० रुपयांचा सिलिंडर एका घराला ४५ दिवस पुरतो. म्हणजे रोजचा खर्च २० रुपये. पेटीने त्यातला दहावा हिस्सा वाचला तर रोज २ रुपये वाचले. पेटीला साहित्य आणि शिलाई धरून ३०० रुपये लागले असतील तर १५० दिवसांत, म्हणजे पाच महिन्यांत पैसे वसूल. बचत गटातून दरमहा २ टक्के व्याजाने हे ३०० रुपये घेतले तर व्याज महिन्याला ६ रुपये आणि बचत ६० रुपये. हे कर्ज घेण्यासारखे आहे. पण पेटी चार महिन्यांत उसवली तर ते तोट्याचे. म्हणून 'स्वस्त' म्हणजे कमी किमतीची वस्तू असे धरू नये. किंमत, टिकण्याचा काळ आणि दुरुस्तीचा खर्च हे तिन्ही मिळून वस्तू परवडते की नाही ते ठरते.

७. जागा बदलली की वस्तू बदलते

नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने दोन माठांचा 'थंड डबा' लोकांपर्यंत पोहोचवला. मोठ्या माठात लहान माठ, मधल्या फटीत ओली वाळू आणि वर ओले फडके. पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते आणि भाजी टिकते. या कामासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मार्च ते मे या कोरड्या हवेत हा डबा चांगला चालेल. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींची उरलेली मेथी-कोथिंबीर दुसऱ्या दिवशी विकता येईल. पण हाच डबा कोकणात किंवा आपल्याकडे भर पावसाळ्यात नीट चालणार नाही, कारण दमट हवेत पाणी वाफ व्हायलाच तयार नसते. आणि जेथे टँकरचे पाणी हंड्याने मोजतात तेथे वाळू ओली करायला पाणी कोणते, हेही विचारावे. वापरलेले पाणी चालते.

दुरुस्तीचा विचारही आरंभीच करावा. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४ साली विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा खेड्यातील लोकांनाच दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती शिकवली. गावात दुरुस्त न होणारी वस्तू एका पावसाळ्यानंतर अडगळीत जाते.

८. करताना विचारायचे सहा प्रश्न

१) ही गरज कोणाची, आणि त्या व्यक्तीला आपण प्रत्यक्ष विचारले का?
२) साहित्य चालत जाण्याच्या अंतरात मिळते का?
३) ती वस्तू कशी काम करते, हे आपल्याला पाचवीच्या मुलाला समजावता येईल का?
४) किती खर्च, किती बचत, किती दिवस टिकणार, हे आपण मोजले का?
५) मोडली तर कोण दुरुस्त करणार?
६) शेवटी टाकून दिल्यावर ती मातीत जाईल की कचऱ्यात राहील?

सहावा प्रश्न आपण सहसा विसरतो. आणि पहिला प्रश्न सरकारी योजनाही विसरतात, हे वर पाहिलेच.

९. त्या मुलीला उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. आजोबांच्या कामात आणि या कामात फरक आहे. आजोबांना काम निवडता येत नव्हते. ते जन्माने ठरलेले होते आणि नकार दिला तर शिक्षा होती. येथे काम आपण निवडतो आणि नको तेव्हा सोडतो. आजोबांना ते काम असेच का करायचे हे विचारण्याची मुभा नव्हती. येथे 'का' हाच पहिला शब्द आहे. आणि आजोबांच्या श्रमाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत होता. येथे आराखडा आपला, मोजमाप आपले आणि हिशेबाची वहीही आपलीच.

विळा हातात कोणी दिला आणि कोणत्या अटीवर दिला, यावर सगळे अवलंबून आहे. शिकलेल्या माणसाने हाताचे काम कायमचे सोडले तर ते ज्यांना शिकता आले नाही त्यांच्याच माथी राहील आणि कधीच सुधारणार नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाला यंत्र हवे आहे, ऊसतोड करणाऱ्या बाईला पाठ न मोडणारे साधन हवे आहे. तो आराखडा काढायला त्यांचे दुःख घरातून पाहिलेली, आणि गणित-विज्ञान शिकलेली, मुलेमुलीच हवीत. हे काम इतर कोणी आपल्यासाठी करील, ही अपेक्षा धरून बसणे योग्य नाही.

ती मुलगी पुढच्या रविवारी आली. टोपलीला अस्तर शिवताना तिने माझी एक चूकही दाखवली. मी तळाला गवताचा थर पातळ ठेवला होता आणि उष्णता तेथूनच जात होती. तिने तो दुप्पट केला. आमच्या पहिल्या पेटीतला भात कच्चा राहिला होता, दुसऱ्या पेटीतला शिजला. तो आम्ही सर्वांनी मिळून खाल्ला.

१०. विनंती

संस्थेच्या ग्रंथालयात एक जाड नोंदवही ठेवावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला निदान एक वस्तू करावी आणि त्या वहीत गरज, आकृती, साहित्य, खर्च, मोजमाप लिहावे. जे फसले तेही लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वही पाठ्यपुस्तकासारखी उपयोगी पडेल. सभासदांनी आपल्या घरातील अडचणी त्यात नोंदवाव्यात, म्हणजे मुलांना प्रश्नांसाठी दूर जावे लागणार नाही. हिशेब तपासायला मी दर रविवारी हजर राहीन. आणि हो, यंदा माझ्या घरची ट्यूबलाईट मी स्वतः बसवली आहे, अर्थात मेन स्विच बंद करून!